एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणजे काय रे भाऊ?



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण ते फक्त मार्कांपुरतं. त्यामुळे संपादक मंडळात असलेल्या माझ्या रूममेटने "मराठी विभागासाठी लेख दे" असं फर्मावलं तेव्हा माझी अगदी पाचावर धारण बसली. "इंग्लिश सेक्शनला देते ना," म्हटलं, तर म्हणाली, "सेमिनारचा विषय मराठीत समजावून सांगता आला, तरच तो तुला समजलाय असं मी मानेन!" हे मात्र मनाला लागलं. म्हणून हा प्रयत्न. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

तर झालं असं. थर्ड इयरच्या सेमिनारसाठी सरांनी विषय वाटले. कुणाला मशीन लर्निंग मिळालं, कुणाला सायबर सिक्युरिटी, आणि माझ्या वाट्याला आलं, 'मोठ्या कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्टची धोरणात्मक भूमिका'. रूममेट म्हणाली, "आर्किटेक्ट? मग सिव्हिलवाल्यांना दे की!" खरं सांगायचं तर मलाही याहून जास्त काही कळत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप आणि प्रिंटआउट्सचा गठ्ठा घेऊन मी आजीकडे पूर्णगडला गेले. विषय मला समजला तो तिथे. गठ्ठ्यातून अर्धा समजला आणि आजीच्या एका कापडी पिशवीतून उरलेला अर्धा.

आजीची पिशवी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रत्नागिरीहून पावसमार्गे पुढे गेलं की मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पूर्णगड आहे. खाली गाव आणि वर टेकडीवर छोटासा जांभ्या दगडाचा किल्ला. दरवाजाजवळ मारुतीचं देऊळ आहे. आजोबा मुंबईत एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. रिटायर झाल्यावर आजी-आजोबा इथे राहायला आले. आजोबा गेले, आणि कंपनीच्या स्वतःच्या पेन्शन फंडातून आजीला जे पेन्शन मिळायला हवं होतं ते काही सुरूच होईना.

कारण काय? तर आजीचं नाव! आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे. कंपनीच्या पर्सोनेल खात्यात आजोबांनी आजीचं लग्नातलं नाव लावलं होतं. पेन्शन फंडाच्या खात्याकडे आधार कार्डाप्रमाणे माहेरचं नाव होतं. आणि मेडिकल खात्याच्या कार्डावर नाव बरोबर, पण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आणि जन्मसाल एक वर्षाने पुढे. कंपनी एक, बिल्डिंग एक, पण तिथल्या तीन कॉम्प्युटर्समध्ये आजोबांच्या तीन वेगवेगळ्या बायका! आजी म्हणाली, "अगो, चाळीस वर्षं संसार केलान् माझ्याबरोबर, आणि आता कंपनी विचारते यातली खरी कोण?"

आम्ही हसलो, पण तिला पुढे चौदा महिने पेन्शन मिळालं नाही. औषधाच्या गोळ्या ती एक दिवसाआड घ्यायला लागली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाबा रजा काढून कंपनीत जायचे. दुसऱ्या मजल्यावरून पत्र घ्यायचं, चौथ्या मजल्यावर दाखवायचं, तिथला शिक्का घेऊन पुन्हा दुसऱ्या मजल्यावर यायचं. प्रत्येक टेबलावरचा माणूस सभ्य होता. प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपापल्या जागी बरोबर चालत होता. कुठलाही प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता, आणि तरीही काम होत नव्हतं.

शेवटी एका मॅडमनी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. कुठल्या खात्यात काय नाव आहे, ते कुठल्या कागदावरून आलं, आणि चुकलं असेल तर दुरुस्त करायचा अधिकार कुणाचा, असं सगळं लिहून काढलं. तीन खात्यांच्या साहेबांना एकत्र बसवून त्यांनी त्यावर सह्या घेतल्या. पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू झालं, मागची बाकीही मिळाली. तो कागद आजीने पिशवीत जपून ठेवलाय. सुट्टीत तिने तो मला दाखवला आणि मी उडालेच. माझ्या प्रिंटआउटमध्ये जे पन्नास पानांत लिहिलं होतं, ते त्या मॅडमनी एका पानावर करून दाखवलं होतं!

मग हा आर्किटेक्ट करतो तरी काय?

सॉफ्टवेअर इंजिनिअर एखादा प्रोग्रॅम लिहितो. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट एखाद्या सिस्टिमचा आराखडा करतो. एंटरप्राइझ आर्किटेक्ट हा सगळ्या कंपनीचा आराखडा पाहतो. कंपनी कोणती कामं करते, त्यासाठी कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रांवर चालतं, असे चार थर मानतात. धंदा, माहिती, अॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान. 'टोगॅफ' नावाची एक प्रसिद्ध पद्धत आहे. ती 'द ओपन ग्रुप' या संस्थेने १९९५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिच्यात हेच चार थर येतात.

त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी एक लेख लिहिला होता. इमारत किंवा विमान बांधताना मालकासाठी वेगळं चित्र लागतं, डिझायनरसाठी वेगळं आणि प्रत्यक्ष बांधणाऱ्यासाठी वेगळं. मग कंपनीच्या माहितीव्यवस्थेचंही तसंच असायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा तक्ता पुढे सहा प्रश्नांचा झाला. काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का. मला वाटलं, एवढे साधे प्रश्न तर आपली आजीसुद्धा विचारते. पण मोठ्या कंपनीत या सहांची उत्तरं एकाच माणसाकडे कधीच नसतात. गंमत तिथेच आहे.

यातला धोरणात्मक भाग कोणता, ते मला पूर्णगडाच्या तटावर बसल्यावर सुचलं. हा किल्ला इतका लहान आहे की पाव तासात फिरून होतो. एकटा पाहिला तर वाटतं, एवढ्याशा किल्ल्याने कुणाला अडवलं असेल? पण नकाशा उघडा. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड, मग रत्नागिरीचा रत्नदुर्ग, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, पुढे जैतापूरच्या खाडीशी यशवंतगड, वाघोटनच्या खाडीशी विजयदुर्ग. पूर्वी माल आणि फौजा आत शिरायच्या त्या खाड्यांमधून, आणि खाडीच्या तोंडाशी किल्ला. पूर्णगडाला विजयदुर्गाएवढं मोठं व्हायची गरजच नव्हती. जहाजांची गोदीही प्रत्येक किल्ल्याला नव्हती. आंग्र्यांची गोदी विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे होती, आणि तिथे दुरुस्त झालेलं गलबत सगळ्या किनाऱ्याच्या कामाचं!

ही साखळी एका माणसाने एका दिवसात आखलेली नाही. ती वेगवेगळ्या काळात होत गेली. पूर्णगड नेमका कुणी बांधला यावरही सगळ्यांचं एकमत नाही. गावात सांगतात की शिवाजी महाराजांचा हा शेवटचा किल्ला, म्हणून पूर्णगड. ते काहीही असो. पण तट मजबूत कसा बांधायचा हा गवंड्याचा प्रश्न, आणि कुठल्या खाडीवर किती मोठा किल्ला हवा, गोदी कुठे एकच ठेवायची, हा राज्याचा प्रश्न. आर्किटेक्ट दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांवर काम करतो. काय सगळीकडे एकसारखं असावं, आणि काय ज्याचं त्याच्यावर सोडावं, हे तो कंपनीच्या वरिष्ठांसमोर मांडतो.

दोन प्रश्न, चार उत्तरं

जीन रॉस, पीटर वेल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांचं २००६ चं एक पुस्तक या विषयात खूप वाचलं जातं. त्यातली एक गोष्ट परीक्षेला आणि आयुष्याला दोन्हीकडे उपयोगी आहे. ते म्हणतात, कुठल्याही मोठ्या कंपनीने आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. पहिला, वेगवेगळ्या खात्यांना एकमेकांची माहिती किती लागते? दुसरा, सगळ्या खात्यांनी काम एकाच पद्धतीने करायला हवं का? यातून चार प्रकार होतात. उदाहरणं मी माझी देते.

(१) माहिती वाटायची नाही, पद्धतही वेगळी. उदाहरणार्थ टाटा समूह. मीठ विकणाऱ्या कंपनीला ट्रकच्या कारखान्याची गिऱ्हाइकं माहीत असायची गरज नाही.

(२) माहिती एक, पण पद्धत वेगवेगळी. मोठं हॉस्पिटल घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांचं आणि हाडांच्या डॉक्टरांचं काम वेगळं, पण पेशंटची फाइल एकच हवी.

(३) पद्धत एक, माहिती ज्याची त्याच्याकडे. एकाच नावाने गावोगाव चालणारे वडापावचे स्टॉल. चटणी सगळीकडे तीच, पण चिपळूणच्या स्टॉलला साताऱ्याचं गिऱ्हाईक ओळखायची गरज नाही.

(४) माहितीही एक आणि पद्धतही एक. याचं उदाहरण बँक, आणि त्याची गोष्ट पुढे येतेच.

यातला कुठलाच प्रकार चांगला किंवा वाईट नसतो. पण आपण कुठल्या प्रकारात आहोत हे ठरवलंच नाही, तर प्रत्येक खातं आपल्या सोयीने सॉफ्टवेअर विकत घेत राहतं. माझ्या आजीची कंपनी खरं तर दुसऱ्या प्रकारची असायला हवी होती. पेन्शन, मेडिकल, पर्सोनेल यांची कामं वेगळी, पण माणूस एकच! प्रत्यक्षात ती पहिल्या प्रकारासारखी चालत होती, आणि तसं कुणी ठरवलेलंही नव्हतं.

स्टेट बँकेची गोष्ट

आता आपल्या महाराष्ट्रातलंच एक मोठं उदाहरण. स्टेट बँक ऑफ इंडिया, मुख्यालय मुंबई. जुन्या इम्पीरियल बँकेची १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली. बँकांमध्ये यंत्रं आणावीत की नाहीत यावर आपल्या देशात बराच वाद झाला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा मार्ग सुचवला आणि हळूहळू शाखांमध्ये कॉम्प्युटर आले.

पण कसे आले? प्रत्येक शाखेत वेगळे! स्टेट बँकेच्या शाखांमध्ये 'बँकमास्टर' नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते शाखेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालायचं आणि त्या शाखेची खाती तिथेच राहायची. म्हणजे जाडजूड लेजर जाऊन स्क्रीन आली, पण लेजरच्या भिंती तशाच राहिल्या. बाबा सांगतात की तेव्हा माणूस बँकेचा ग्राहक नसायचा, शाखेचा ग्राहक असायचा. खातं मुंबईत असेल तर गावच्या शाखेत पैसे काढायला जाऊन उपयोग नाही. बाहेरगावचा चेक भरला की तो वटायची वाट पाहत बसायचं.

२००२-०३ च्या सुमारास बँकेने कोअर बँकिंगचं काम हाती घेतलं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे, म्हणजे टीसीएसकडे ते दिलं गेलं. सॉफ्टवेअरचा गाभा एफएनएस नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीचा होता आणि तीच कंपनी टीसीएसने २००५ मध्ये विकत घेतली. साधारण २००८ पर्यंत दहा हजारांच्या आसपास शाखा एकाच मध्यवर्ती व्यवस्थेवर आल्या. ग्राहकाला एक सीआयएफ नंबर मिळाला. त्याची बचत, ठेव, कर्ज सगळं त्या एका नंबराखाली. थोडक्यात, बँकेच्या लेखी माझ्या आजीसारख्या माणसाची एकच आजी झाली!

मात्र खरी धोरणाची गोष्ट पुढेच आहे. स्टेट बँकेच्या सहयोगी बँका होत्या. स्टेट बँक ऑफ हैदराबाद, म्हैसूर, त्रावणकोर, पतियाळा, बिकानेर अँड जयपूर वगैरे. त्यांची नावं वेगळी, संचालक मंडळं वेगळी. पण या बँकाही त्याच कोअर बँकिंग व्यवस्थेवर आणल्या गेल्या. म्हणजे वरून घरं वेगळी, पण पाया एकच. पुढे सौराष्ट्र २००८ मध्ये आणि इंदूर २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाल्या. १ एप्रिल २०१७ ला उरलेल्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक एकदम विलीन झाल्या आणि सुमारे चोवीस हजार शाखांची बँक तयार झाली.

विचार करा, या पाच बँकांची सॉफ्टवेअर्स पाच प्रकारची असती तर? कोट्यवधी खाती एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत न्यायची, प्रत्येक रकान्याचा अर्थ जुळवायचा! विलीनीकरणाचा निर्णय २०१७ चा, पण तो सोपा केला पंधराएक वर्षं आधीच्या एका तांत्रिक निर्णयाने. सेमिनारच्या शीर्षकातला 'धोरणात्मक' हा शब्द मला इथे पहिल्यांदा नीट कळला. आज घेतलेला आराखड्याचा निर्णय दहा वर्षांनी कंपनीला काय करता येईल आणि काय नाही हे ठरवतो.

अर्थात सगळंच गुळगुळीत झालं नाही. विलीनीकरणानंतर सुमारे १,३०० शाखांची नावं आणि आयएफएससी कोड बदलले गेले. ज्यांनी जुना कोड कुठे कुठे लिहून ठेवला होता त्यांना तो बदलावा लागला. आणि हे सगळं कुणा एका 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' साहेबाने केलं, असंही समजू नका. व्यवस्थापन, टीसीएसचे लोक आणि शाखाशाखांतून हिशेब जुळवणारे कर्मचारी यांचं ते काम आहे. आर्किटेक्टचं काम म्हणजे या सगळ्यांना एकच नकाशा दिसेल असं बघणं.

एक न करता जोडणं

प्रत्येक वेळी सगळं एकच करावं लागतं का? नाही. पूर्णगडला मासे विकणाऱ्या मावशींच्या टोपलीवर क्यूआर कोड लावलेला आहे. माझं खातं कुठल्या बँकेत ते त्यांना माहीत नाही, त्यांचं कुठल्या बँकेत ते मला माहीत नाही. तरी बांगड्याचे पैसे जातात. हे यूपीआय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही मुंबईची संस्था २००८ मध्ये स्थापन झाली आणि तिने यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आणलं. इथे कुठल्याही बँकेला 'तुझी व्यवस्था मोडून टाक' असं सांगितलेलं नाही. फक्त एकमेकांशी बोलायची भाषा आणि मधला चौक एकच ठरवला. घराच्या आत काय ते तुमचं तुम्ही बघा, दरवाजा मात्र सगळ्यांचा एका मापाचा हवा!

आपल्या गणिताच्या भाषेत सांगते. वीस सिस्टिम्स असतील आणि प्रत्येक दोघींमध्ये वेगळी जोडणी केली, तर वीस गुणिले एकोणीस भागिले दोन, म्हणजे १९० जोडण्या. एकीत बदल झाला की एकोणीस ठिकाणी दुरुस्ती. मध्ये एक ठरलेला चौक ठेवला की फक्त २० जोडण्या. मोठ्या कंपन्यांमध्ये अशी सॉफ्टवेअर्स शेकड्यांनी असतात. त्यांचा नुसता आकडा घालून पाहा, मग कळेल की कंपन्या अशा माणसाला पगार का देतात!

कॉन्वे साहेबांचा नियम

आता एक प्रश्न राहतो. आजीच्या कंपनीत तीन याद्या झाल्याच कशा? कुणाचा तरी निष्काळजीपणा? मला आधी तसंच वाटायचं, आणि राग यायचा. मग मेल्विन कॉन्वे यांचा १९६८ चा लेख वाचला. ते म्हणतात, संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांची सिस्टिम तयार होते. तीन खाती एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून तीन याद्या झाल्या. कॉम्प्युटरने फक्त त्या अबोल्याची नक्कल केली.

याचा अर्थ असा की नवीन सॉफ्टवेअर विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. चौथं सॉफ्टवेअर आणलं की चौथी यादी होते. आधी ठरवावं लागतं की माणसाच्या नावाचा मालक कोण, चूक कुणी दुरुस्त करायची, आणि बाकीच्यांनी ती कुठून घ्यायची. हे खात्यांच्या अधिकाराचं आणि कधी कधी मानापमानाचं प्रकरण असतं. म्हणून आर्किटेक्टला वरच्या मजल्यावर साहेबांशी धंद्याच्या भाषेत आणि खालच्या मजल्यावर प्रोग्रॅमरशी कोडच्या भाषेत बोलता यावं लागतं. ग्रेगोर होपे यांनी २०२० मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात याला लिफ्टची उपमा दिली आहे. आर्किटेक्टने सतत लिफ्टने वर-खाली करत राहायचं, मधले मजले निरोप बदलून टाकतात म्हणून!

मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "चौदा महिने मीच लिफ्ट होतो की!" खरंच आहे. जिथे दोन सिस्टिम्स एकमेकींशी बोलत नाहीत, तिथे त्यांच्यामधली तार कुणालातरी व्हावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात कमी ताकदीचा माणूस असतो. पेन्शनर, पेशंट, विद्यार्थी. कंपनीच्या हिशेबात हा खर्च कुठेच दिसत नाही. तो बाबांच्या रजांमध्ये आणि आजीच्या एक दिवसाआडच्या गोळ्यांमध्ये दिसतो.

दुसरी बाजूसुद्धा

नुसतं कौतुक केलं तर सेमिनारला सर पकडतील, म्हणून दुसरी बाजूही सांगते.

एक, सगळं एका जागी आणलं की एका जागी बिघाड झाला तर सगळंच थांबतं. जुन्या काळी एका शाखेचा सर्व्हर बंद पडला तर बाकीच्या शाखा चालू असायच्या. आता मध्यवर्ती व्यवस्था थांबली तर सगळीकडच्या रांगा थांबतात. म्हणून दूरच्या शहरात दुसरं केंद्र तयार ठेवावं लागतं, आणि हा खर्च सुरुवातीलाच मान्य करावा लागतो.

दोन, आर्किटेक्ट नुसते कागदी घोडे नाचवायला लागला की संपलं. पाच वर्षांचा सुंदर नकाशा काढायचा, भिंतीला लावायचा, आणि खाली प्रोग्रॅमर आपापल्या परीने काम करतायत! असा नकाशा नसलेला बरा.

तीन, 'सगळीकडे एकच' या हट्टापायी कधी कधी माणसांची खरी गरज मारली जाते. फॉर्मवर नावाचा एकच रकाना ठेवायचा हे सोपं, पण माझ्या आजीला खरोखरच दोन नावं आहेत. माहेरचं तिचंच आणि सासरचंही तिचंच. चांगल्या आराखड्यात माणूस एक आणि त्याची नावं दोन, अशी सोय असते. वाईट आराखडा तिला सांगतो, "तुम्ही आधी एक काय ते ठरवा!" डीबीएमएसच्या लेक्चरला वन-टू-मेनी शिकताना मी झोपा काढत होते. आता नाही काढत.

आपलं काय?

आपल्या होस्टेलवर प्लेसमेंटच्या गप्पा सुरू झाल्या की पहिला प्रश्न पॅकेज किती, दुसरा प्रश्न कोडिंग राऊंड कसा होता. एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणून काही कुणी आपल्याला कॅम्पसमधून उचलणार नाही. त्या खुर्चीपर्यंत जायला बऱ्याच वर्षांचा अनुभव लागतो. पण सवय आत्तापासून लागू शकते. भारत सरकारनेसुद्धा २०१८ मध्ये सरकारी खात्यांसाठी 'इंडईए' नावाची आर्किटेक्चरची चौकट आणली. खाती एकमेकांशी बोलावीत म्हणूनच ना? म्हणजे हे काम फक्त परदेशी कंपन्यांचं नाही.

सवय कशी लावायची? फायनल इयरच्या दादा-ताईंना विचारा 'नो ड्यूज' फॉर्म म्हणजे काय ते. लायब्ररी, लॅब, मेस, होस्टेल ऑफिस, अकाउंट्स, प्रत्येक खिडकीवर जाऊन सही आणायची. प्रत्येक ठिकाणी आपलं नाव कुठल्यातरी वेगळ्या रजिस्टरमध्ये शोधलं जातं. आपण तिथे काय असतो? तार! हा फॉर्म घेऊन एक दिवस बसा आणि कागदावर रकाने आखा. कुठल्या खिडकीकडे आपली कोणती माहिती आहे, ती कुठून आली, चुकली तर कोण बदलणार, आणि दुसऱ्या खिडकीला ती का दिसत नाही. मी आणि माझ्या रूममेटने हे करून पाहिलं. एका रात्रीत नकाशा तयार झाला. तो मी सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर लावणार आहे आणि ऑफिसातल्या काकांनाही दाखवणार आहे. तक्रार म्हणून नाही हं! कारण नकाशा काढताना कळलं की सगळ्यात जास्त त्रास त्या काकांनाच होतो, दरवर्षी शेकडो फॉर्म हाताने जुळवताना.

तर रूममेटबाई, एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणजे बिल्डिंग बांधणारा नव्हे. कंपनीच्या खोल्यांमधल्या भिंती कुठे हव्यात आणि दारं कुठे हवीत, हे आत राहणाऱ्यांना विचारून ठरवणारा माणूस. समजलं का? नसेल समजलं तर चूक माझ्या मराठीची.

जाता जाता, आजीचं पेन्शन आता दर महिन्याला वेळेवर येतं. गोळ्याही रोज घेते, मी फोनवर विचारते. मेडिकलच्या कार्डावर मात्र आडनावाचं स्पेलिंग अजून जुनंच आहे. बाबा म्हणाले, पुढच्या रजेत बघू.